ऐकू आलं, पण म्हणणार नाही

कानाच्या बाईंना मोठ्यानं बोलताना कुणी ऐकलं असेल, तर ते फक्त बहिऱ्यांनी. बाकी जगाशी त्या इतक्या हळू बोलायच्या की समोरचा दोनदा ‘काय?’ विचारी आणि तिसऱ्यांदा आपल्या मनानंच काहीतरी समजून घेई. घरी, नात्यात, चर्चमध्ये सगळ्यांनी हे केव्हाच मान्य केलं होतं. काही माणसं लंगडतात, काही तोतरं बोलतात, तशा या हळू बोलतात.

त्यांचं काम कानाची मशीनं बसवण्याचं. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि त्याच्या आतल्या अंगाला जाड फोमच्या भिंतींची, खिडकी नसलेली, कपाटाएवढी खोली. दार लावलं की आपल्याच पोटातले आवाज ऐकू यायचे. त्या खोलीत बाईंनी एकवीस वर्षं काढली होती. येणारे बहुतेक म्हातारे, घरच्यांनी ओढून आणलेले. जो येई तो म्हणे, मला चांगलं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटायला लागलेत. बाई मान डोलवायच्या, त्याच्या कानावर हेडफोन चढवायच्या आणि कामाचा आवाज काढायच्या. तो आवाज वेगळाच होता. स्वच्छ, खणखणीत, एकेक अक्षर सुटं.

बाईंची श्रद्धा मात्र आवाजासारखी बारीक नव्हती. रोज सकाळी दवाखान्याचा जिना चढताना त्या दिवसभराच्या पेशंटांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या. बत्तीस पायऱ्यांत सगळे बसायचे. पण हे त्यांना आणि देवालाच ठाऊक. तिसऱ्याला सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

आणि नेमकं तेच सांगायची वेळ आली. वर्षाच्या सुरुवातीला पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं, की हे सुवार्तेचं वर्ष. आपला विश्वास आपल्यापाशीच ठेवणं म्हणजे दिवा लावून तो कपाटात ठेवण्यासारखं आहे. प्रत्येकानं वर्षभरात निदान बारा जणांना आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं. त्यासाठी कार्डं छापली होती. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला ‘प्रतिसाद’. दर महिन्याच्या शेवटी कार्ड दाखवायचं.

बाईंना पाळकसाहेबांचं पटलं होतं, हीच खरी अडचण. पटलं नसतं तर कानाडोळा केला असता. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. रोजच्या पाववाल्यापासून सुरुवात करायची असं ठरवून त्या रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर डोळे मिटून म्हणाल्या, “देव...” पाववाला म्हणाला, “दोन?” आणि त्यानं दोन पाव बांधून दिले. पुढच्या आठवड्यातही तेच. महिनाभर घरात पाव उरत होता. शेवटी नवऱ्यानं विचारलं तेव्हा बाईंनी खरं काय ते सांगितलं. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणाला, “आपण इंजिन बघावं. हॉर्न वाजवायला दुसरे आहेत.”

दुसरे होतेच. त्यांची धाकटी जाऊ कानामागून येऊन तिखट झालेली. तिचं पहिलं कार्ड पंधरा दिवसांत भरलं, तिनं दुसरं मागून घेतलं. इमारतीतल्या लोकांना तिचं पाऊल ओळखता यायचं. ती खालून येताना दिसली की शेजारी मागच्या जिन्यानं जात. पण कार्डावर जिन्यांसाठी रकाना नव्हता. तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेबांनी तिचं कौतुक केलं, आणि कोरं कार्ड हातात धरून बसलेल्या थोरलीकडे अतिशय प्रेमळ नजरेनं पाहिलं. ती नजर बाईंना रागावण्यापेक्षा जास्त लागली.

वाट सापडली ती त्या फोमच्या खोलीत.

मशीन बसवण्यापूर्वी आणि बसवल्यावरही वाक्यांची एक चाचणी असते. बाई तोंडासमोर पुठ्ठा धरायच्या, म्हणजे पेशंटला ओठ वाचता येऊ नयेत, आणि यादीतलं एकेक वाक्य कमी-जास्त आवाजात बोलायच्या. पेशंटनं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. वीस वाक्यं, बरोबर आलं की खूण. ‘खुर्ची दाराजवळ आहे.’ ‘आज वारा सुटला आहे.’ ‘मला गरम पाणी हवं.’ एकवीस वर्षांत बाईंनी दाराजवळची ती खुर्ची इतक्यांदा सांगितली होती, की त्यांना ती स्वप्नात दिसायची.

एका सकाळी पुठ्ठ्याआडून, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्या म्हणाल्या, “देवाचं माझ्यावर प्रेम आहे.”

समोर एक निवृत्त शिंपी बसले होते. ते गंभीरपणे म्हणाले, “देवाचं माझ्यावर प्रेम आहे.” आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले.

इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुठ्ठ्याआड तोंड लपलं होतं, आवाज कामाचा होता, आणि समोरचा माणूस पळून जाणं तर सोडाच, तो स्वतःच्या तोंडानं कबुली देत होता. संध्याकाळी त्यांनी कार्डावर पहिलं नाव लिहिलं. प्रतिसादाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्वतः म्हणाले.’ हे खोटं नव्हतं.

मग बोट दिल्यावर हात धरतात तसं झालं. यादीतली खुर्ची गेली, वारा गेला, गरम पाणी गेलं. दोन महिन्यांत वीसपैकी नऊ वाक्यं बदलली. ‘येशू मला सोडणार नाही.’ ‘माझ्या चुकांची क्षमा झाली आहे.’ ‘देव माझं ऐकतो.’ पेशंट मुकाट्यानं म्हणत. एका आजीनं विचारलं, की हे मशीन चर्चचं आहे का, आणि नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य म्हटलं. सहाव्या महिन्यात बाईंच्या कार्डांवर तेवीस नावं झाली. पाळकसाहेबांनी आकडा दोनदा मोजला. धाकटी जाऊ त्या रविवारी काही न बोलता घरी गेली, आणि बाईंना, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. त्याबद्दल त्यांनी रात्री क्षमाही मागितली, पण जरा घाईघाईनं.

मध्ये सासूबाईंचीही तपासणी झाली. सासूबाई घरात दोन वर्षं प्रत्येक गोष्टीला ‘हो हो’ म्हणत होत्या, तेव्हाच सगळ्यांना संशय आला होता. हेडफोनमधून नुसते सूर ऐकवतात त्या शिट्ट्यांच्या चाचणीत त्यांचा आलेख पार खाली गेला. पण वाक्यांच्या चाचणीत त्यांनी बाजी मारली. बाईंनी ‘येशू’ म्हणायचा अवकाश, की सासूबाई उरलेलं वाक्य पुरं करायच्या. सत्तर वर्षं चर्चच्या पहिल्या बाकावर बसलेली बाई. तिला ऐकायची गरजच नव्हती. उरलेल्या वाक्यांपैकी काही त्यांना अंदाजानं जमली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, की कान कमजोर आहेत पण मेंदू तल्लख आहे, सध्या मशीन नको, वर्षभरानं बघू.

बाईंना तिथंच काहीतरी खटकलं होतं. पण खटकलेली गोष्ट उद्यावर टाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

क्रेनवाले आले ते याच सुमाराला. त्यांनी बंदरात चाळीस वर्षं क्रेन चालवली होती आणि इंजिनाच्या आवाजानं दोन्ही कान गेले होते. रुंद खांदे, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांना कुणी ओढून आणलं नव्हतं. ते एकटेच आले होते आणि येताच म्हणाले, की मला ऐकू येत नाही, काय करायचं ते करा. बाईंना असा पेशंट पहिल्यांदाच भेटत होता.

मशीन लावून वाक्यांची चाचणी सुरू झाली. ‘रस्त्यावर गर्दी आहे’ बरोबर आलं. ‘दिवा लाव’ बरोबर आलं. मग बाई पुठ्ठ्याआडून म्हणाल्या, “देव माझं ऐकतो.”

क्रेनवाले गप्प.

बाईंनी आवाज एक पायरी वाढवला. “देव माझं ऐकतो.”

ते गप्पच. बाईंनी आणखी वाढवला. मग त्यांनी हात वर केला.

“ऐकू आलं. पहिल्या वेळीच आलं. पण म्हणणार नाही.”

बाईंनी पुठ्ठा जरासा खाली केला. त्या म्हणाल्या, की ही नुसती चाचणी आहे, फक्त परत म्हणायचं असतं.

“चाचणी असली म्हणून काय झालं?” क्रेनवाले म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, की क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की खालचं काही ऐकू येत नाही. खाली एक माणूस हातानं खुणा करतो आणि त्यावर सगळं चालतं. खूण दिसली नसताना दिसली असं धरून ओझं सोडलं, तर खाली कुणीतरी मरतं. चाळीस वर्षांत त्यांनी न दिसलेली खूण दिसली असं एकदाही म्हटलं नव्हतं. “तुमचा देव मला अजून दिसला नाही. ऐकतो की नाही मला माहीत नाही. मग म्हणू कसं? रस्त्यावर गर्दी आहे, ते मी येताना बघून आलोय.”

बाईंच्या डोळ्यांपुढून तेवीस नावं गेली. त्या सगळ्यांनी मुकाट्यानं म्हटलं होतं, कारण त्यांना मशीन हवं होतं. आपण ‘शेळी उडते’ म्हणालो असतो तर त्यांनी तेही म्हटलं असतं, आणि आपण त्यापुढे खूण केली असती.

क्रेनवाल्यांनी विचारलं, “तुम्हाला हे खरं वाटतं?”

“हो.”

“मग तो पुठ्ठा ठेवा खाली आणि सांगा. मशीन चालू आहे. मला वेळ आहे.”

बाईंनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच एक माणूस स्वतःहून म्हणत होता, सांगा. सुवार्तेच्या वर्षाचे सहा महिने संपले होते, आणि त्यांना काय सांगायचं ते ठाऊक नव्हतं. सगळी वाक्यं पाठ होती, पण ती चार-पाच शब्दांची, चाचणीपुरती. त्या काहीतरी बोलू लागल्या, अडखळल्या, परत पहिल्यापासून सुरू झाल्या. शेवटी त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी नवऱ्यालाही धड सांगितलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता आणि त्यात सात आठवडे त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. घरातले लोक दाराशी येऊन ओठ हलवून जात. चर्चमधली एक बाई तेवढी रोज दुपारी येई, खाटेशेजारी बसे आणि मटार सोली. ती काही बोलायचा प्रयत्न करत नसे. संध्याकाळी उठून जाई.

“मला काही आवाज वगैरे ऐकू आला नाही,” बाई म्हणाल्या. “काहीच नाही. पण ती गेल्यावरसुद्धा खोलीत कुणीतरी आहे, असं वाटायचं. बसलेलं. उठून न जाणारं. पुढं कान बरे झाले. पण ते वाटणं गेलं नाही. तेवढंच आहे माझ्यापाशी. बाकी सगळं मी नंतर शिकले.”

एवढं त्या आपल्या रोजच्या आवाजात बोलल्या होत्या, ज्याला लोक ‘काय?’ म्हणत. क्रेनवाल्यांनी ‘काय?’ म्हटलं नाही. मशीन चांगलं बसलं होतं.

त्यांनी बाईंच्या खुणांच्या कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, “तुमच्या खोलीत कुणीतरी होतं, असं तुम्हाला वाटलं. एवढं मी म्हणू शकतो. करा खूण.”

त्याच आठवड्यात घरी किटली जळाली. सासूबाई शेजारच्या खुर्चीत विणत बसल्या होत्या. किटलीची शिट्टी वाजून वाजून थकली, पाणी आटलं, तळ लाल झाला, पडदा पेट घ्यायच्या बेतात असताना नवरा डेपोतून आला म्हणून निभावलं. सासूबाई म्हणाल्या, मला वाटलं आज चहा उशिरा आहे. बाईंनी ती काळी किटली धुवायला घेतली आणि धुताधुता हुंदके देऊ लागल्या. नवऱ्यानं कारण विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, की उद्या डॉक्टरीणबाईंना सांग, मी येऊ का बरोबर? बाई म्हणाल्या, नको.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा ना देवाशी दोस्ताना होता ना वैर. त्या एवढंच म्हणाल्या, “ती यादी तयार करायला लोकांनी वर्षं घालवलीत. कुठलं अक्षर किती वेळा यावं, ते मोजून बनवलीय.” मग तेवीसही जणांना परत बोलवायचं, जुन्या यादीनं परत तपासायचं आणि का बोलावलं ते प्रत्येकाला बाईंनी स्वतः सांगायचं, असं ठरलं. नोकरी राहिली, पण डॉक्टरीणबाई महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

इकडे चर्चमध्ये वेगळंच शिजत होतं. पाळकसाहेबांनी अर्ध्या वर्षाचा आढावा म्हणून एक खास उपासना ठेवली होती आणि तीत ज्यांची कार्डं सर्वांत जास्त भरली, त्या बाईंनी साक्ष द्यायची, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगायचा होता. बाईंनी त्यांना गाठून सांगायचा दोनदा प्रयत्न केला. पण पाळकसाहेबांनी तो विनय समजून त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

रविवारी चर्च भरलं होतं. बाई पुढं गेल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “माझ्या कार्डांवरची तेवीस नावं खरी नाहीत.”

मागच्या बाकांपर्यंत फक्त ‘तेवीस’ पोचलं. मागून टाळ्या सुरू झाल्या. मधल्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, म्हणून त्यांनीही वाजवल्या. पहिल्या बाकावर सासूबाई सर्वांत जोरात वाजवत होत्या. धाकटी जाऊ तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनं ऐकलं होतं.

बाई टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कामाचा आवाज काढला. तो आवाज चर्चमध्ये पूर्वी कुणीच ऐकलेला नव्हता. एकेक अक्षर सुटं करून त्या म्हणाल्या, की त्या तेवीस जणांनी मी म्हटलं ते परत म्हटलं, कारण ती कानाची चाचणी होती. मी त्यांना काही सांगितलं नाही; मी त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. त्यापायी माझ्या सासूबाईंना मशीन मिळालं नाही आणि घर जळता जळता राहिलं. खरंखुरं मी एकाच माणसाला सांगितलं आहे आणि त्यांचा विश्वास बसला नाही.

मग त्या जागेवर येऊन बसल्या. सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं, “काय म्हणाली?” आणि नवऱ्यानं आईच्या कानाशी तोंड नेऊन, साऱ्या मंडळीच्या देखत, पहिल्यापासून परत सांगितलं.

पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते. त्या दिवशी ते नुसतं गीत म्हणायला सांगून मोकळे झाले, पण बाईंची गोष्ट त्यांच्या मनाला लागली. पुढचं वर्ष त्यांनी प्रामाणिकपणाचं वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याचंही कार्ड निघालं.

तेवीस जणांना बोलावून तपासायला दोन महिने गेले. हे काम बाईंना शिक्षा म्हणून मिळालं होतं आणि शिक्षेसारखंच ते अवघड होतं. पेशंट समोर बसला, की पुठ्ठा न धरता, तोंडावर सांगायचं: मागच्या वेळी मी तुमच्या चाचणीत माझ्या श्रद्धेची वाक्यं घुसडली, ते चुकलं, माफ करा. साहजिकच पुढचा प्रश्न येई, की का हो? मग का तेही सांगावं लागे. का सांगायला गेलं, की सात आठवड्यांचा ताप येई, मटार सोलणारी बाई येई, आणि खोलीत बसलेलं कुणीतरी येई. एक बाई सगळं ऐकून उठूनच गेल्या, त्यांनी दुसरा दवाखाना धरला. एका गृहस्थांनी अर्धा तास वाद घातला आणि पुढच्या वेळी वाद घालायला बायकोलाही आणलं. निवृत्त शिंपी म्हणाले, की ते वाक्य त्यांना आवडलं होतं, जुन्या यादीतली खुर्ची त्यामानानं फिकी आहे. कुणी रडलं नाही, कुणाचं आयुष्य बदललं नाही. पण तेवीस माणसांना बाईंनी समोर बसून, न लपता, आपला विश्वास कशावर आहे ते सांगितलं. याची नोंद कुठंच झाली नाही. कार्डं त्यांनी तोवर पाळकसाहेबांना परत केली होती.

सासूबाईंना मशीन मिळालं. पहिल्याच रविवारी त्यांनी पाळकसाहेबांचा उपदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. घरी येताना त्या विचारात पडलेल्या होत्या. म्हणाल्या, की इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस फार चांगलं बोलतो.

धाकटी जाऊ एका दुपारी दवाखान्यात आली. तिला काही ऐकायची अडचण नव्हती. ती फोमच्या खोलीत बसली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, की तिच्या कार्डांवरच्या बावीस जणांपैकी अठरा जणांनी ‘हो हो, येऊ’ म्हणून दार लावून घेतलं होतं आणि ते तिला तेव्हाही माहीत होतं. दोघी जावा तिथंच थोडा वेळ बसल्या. त्या खोलीत बसलं, की बाहेरचं काही ऐकू येत नाही.

क्रेनवाले दर तीन महिन्यांनी मशीनची नळी बदलायला येतात. हे काम पाच मिनिटांचं; ते पाऊण तास बसतात. चर्चच्या दारात त्यांनी अजून पाऊल टाकलेलं नाही. पण येताना ते कागदावर प्रश्न लिहून आणतात. पहिल्या वेळचा प्रश्न होता, की तुमच्या खोलीत जो होता तो माझ्या केबिनमध्ये का नव्हता, मी तिथं चाळीस वर्षं एकटा होतो. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारून पाहिलं, तर त्यांनी एक पुस्तिका दिली. क्रेनवाल्यांनी ती वाचली आणि पुढच्या वेळी परत आणली. म्हणाले, की यात उत्तर नाही, पण छपाईच्या अकरा चुका आहेत, त्या खूण करून ठेवल्यात.

“मग आता?” बाईंनी विचारलं.

“आता दुसरा प्रश्न,” ते म्हणाले आणि खिशातून कागद काढून चष्मा शोधू लागले. बाहेर पेशंट खोळंबले होते. बाईंनी दार उघडून त्यांना सांगितलं, की थोडा वेळ लागेल, आणि ते बाकाच्या पार टोकाला बसलेल्यालाही नीट ऐकू गेलं.